गायतोंडे मोबाइलवर मावत नाहीत

नांदेड-लातूरच्या चित्रवेड्यांनो, वासुदेव गायतोंडे यांची चित्रं मोबाइलवर पाहून ‘नुसता रंग फासलाय’ म्हणू नका. १९२४ साली नागपुरात जन्मलेले, मुंबईच्या जेजे स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफने रंगाचे थर चढवत, काही ठिकाणी ते पुन्हा काढत. खालचा थर वरच्यातून झिरपतो. दोन पावलं बाजूला सरकलात की उजेड बदलतो आणि चित्रही. स्क्रीनवर हे सगळं सपाट होतं. झूम केलं तर आणखीच!

२०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन झालं. पण इतक्या लांब कशाला? मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातल्या जहांगीर निकल्सन संग्रहात गायतोंडे आहेत. चित्रं आलटूनपालटून लावतात, तेव्हा आधी फोन करून विचारा. मग देवगिरी किंवा लातूर एक्स्प्रेस पकडा, सकाळी सीएसएमटी.