बिऱ्हाड आणि गोधडी

‘विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर’ अशी एक म्हण आपण नेहमीं ऐकतों. मनुष्याचें तसें नाहीं. दहा वर्षें एका घरांत काढलीं म्हणजे माळ्यावर, पलंगाखालीं आणि कोनाड्यांत किती वस्तु सांचतात, हें घर सोडण्याची वेळ येईपर्यंत त्याचें त्यालाही कळत नाहीं. गेल्या मे महिन्यांत माझ्या एका मित्राच्या वडिलांची बदली झाली आणि त्यांस लोणावळ्याचें बिऱ्हाड तळेगांव दाभाडे येथें हलवावें लागलें. मृगाचा पाऊस सुरू होण्यापूर्वीं सामान हलविणें भाग होतें. कारण लोणावळ्याच्या पावसांत एकदां भिजलेली गादी पुढें कित्येक दिवस वाळत नाहीं. त्या कामीं मदत करण्यास मी गेलों होतों. तेथें जें शिकावयास मिळालें, तें बालवाचकांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडतों.

प्रथम सामान बांधण्याविषयीं. जड वस्तु लहान खोक्यांत आणि हलक्या वस्तु मोठ्या खोक्यांत भराव्या. मोठें खोकें पुस्तकांनीं भरलें तर तें दोघांसही उचलत नाहीं. हंडे-घागरी रिकाम्या नेऊं नयेत. त्यांत डाळी-कडधान्यांच्या पुरचुंड्या ठेवाव्या, म्हणजे जागा वांचते. स्वयंपाकाचें सामान टेंपोंत सर्वांच्या शेवटीं चढवावें, म्हणजे नव्या घरीं तें आधीं उतरतें आणि पोरांच्या पोटाची सोय लवकर होते.

आतां माझ्या हातून झालेली चूक सांगतों. माळ्यावर जुन्या कपड्यांचें एक मोठें गांठोडें निघालें. टेंपोंत जागा थोडी. शिवाय त्याच सुमारास दारांत बोहारीण आली. मीं कोणास न विचारतां गांठोडें तिच्यापुढें सोडलें आणि एका पातेल्याचा सौदा ठरवूं लागलों. इतक्यांत मित्राची आजी लगबगीनें बाहेर आली. ती रागावली नाहीं. एक विरलेलें धोतर हातांत घेऊन ती एवढेंच म्हणाली, “बाळा, हें ह्याच्या आजोबांचं. पातेलं बाजारांत मिळेल. हें कुठं मिळेल?” मी खालीं मान घालून गांठोडें पुन्हा बांधलें. तें आजीच्या मांडीवरच तळेगांवास गेलें.

दिवाळीच्या सुटींत मी मित्राकडे गेलों. लोणावळ्याहून लोकलनें मळवली, कामशेत, कान्हे आणि वडगांव हीं स्थानकें ओलांडलीं कीं तळेगांव येतें. त्या रात्रीं मला पांघरावयास जी गोधडी मिळाली, ती त्या गांठोड्याचीच होती. ती कशी केली, हें मीं आजीस विचारून घेतलें.

नऊवारी लुगड्याची चौघडी केली म्हणजे सुमारें सव्वादोन वार लांबीचे चार पदर होतात. गोधडीचें अंग तयार झालें. आंत धोतरें, सदरे, जें विरलें असेल तें सपाट अंथरावें. वर धडक्या कापडाचे तुकडे रंग जुळवून लावावे. मग चारी कडांनीं मोठे टांके घालून पदर पक्के करावे आणि कडेपासून आंत आंत चौकोनामागून चौकोन घेत धांवदोरा घालावा. शेवटचा चौकोन बरोबर मध्यावर येतो. कापड जितकें जुनें, तितकी सुई सहज जाते आणि गोधडी मऊ होते. म्हणूनच नव्या कापडाच्या गोधडीस ती ऊब येत नाहीं, असें आजी म्हणते.

ह्या उबेचें कारण शास्त्रांतही आहे. कापड स्वतः उष्णता उत्पन्न करीत नाहीं. पदरापदरांमध्यें जी हवा अडकून राहते ती उष्णतेची मंद वाहक असते, म्हणून अंगाची ऊब बाहेर निसटत नाहीं.

ही विद्या केवळ आपल्याकडेच आहे असें नाहीं. बंगालमधील स्त्रिया जुन्या साड्यांचे थर शिवून ‘कांथा’ करतात; कर्नाटकांतील सिद्दी स्त्रिया रंगीत तुकड्यांची ‘कवंदी’ शिवतात; जपानांतील गरीब शेतकरी ठिगळांवर ठिगळें लावून जीं वस्त्रें वापरीत, त्यांस ‘बोरो’ म्हणतात, आणि तीं आतां संग्रहालयांत जपलेलीं आहेत. गरिबीनें शिकविलेल्या ह्या कामास जगानें पुढें कला म्हटलें.

तळेगांवाचा ह्या विषयाशीं आणखी एक संबंध आहे. सामान उतरवितांना माझ्या हातून लोणच्याची काचेची बरणी फुटली, तेव्हां मित्राच्या वडिलांनीं तो सांगितला. अंताजी दामोदर काळे ह्यांनीं प्रत्येकाकडून एक पैसा घेऊन देशी उद्योगासाठीं पैसाफंड उभारला. लोकमान्य टिळकांचा त्यास पाठिंबा होता. त्याच फंडांतून १९०८ सालीं तळेगांवास काचेचा कारखाना निघाला. वाळू, सोडा व चुनखडी भट्टींत वितळवून काच करतात. त्यांत फुटकी काच मिसळली तर मिश्रण कमी उष्णतेवर वितळतें आणि जळण वांचतें. काच कितीही वेळां वितळवून पुन्हा घडवितां येते. तेव्हां फुटक्या काचा कागदांत नीट गुंडाळून वेगळ्या द्याव्या. केरांत टाकल्या तर त्या केर उचलणाऱ्याचे हात कापतात.

सारांश, मित्राचें बिऱ्हाड हलवावयास जाल तर हात अवश्य चालवा. परंतु कांहीं टाकण्यापूर्वीं घरांतील वडील माणसांस एकदां विचारा. आपल्यास जी चिंधी दिसते, तींत त्यांचें एखादें माणूस असतें. त्या रात्रीं गोधडीच्या मध्यावरचा पांढरा चौकोन मीं हातानें चांचपून पाहिला. तो त्या धोतराचा होता.