पहिली गिटार : तारेवरची कसरत!

माझी पहिली गिटार साडेतीन हजारांची होती. निळीशार, चकचकीत. सोबत बॅग, पट्टा, चार पिक्स आणि तारांचा जादा सेट 'फ्री'. एफवायला होतो. दिवाळीत मिळालेले पैसे आणि आजीने गुपचूप दिलेले पाचशे असं सगळं जमवून ऑनलाइन मागवली. खोकं आलं त्या दिवशी घरात जणू बारसंच होतं.

चार महिन्यांनी ती गिटार कपाटावर गेली आणि पुढची दोन वर्षं तिथेच राहिली. बोटांच्या टोकांना चिरा पडायच्या. सी आणि जी कसेबसे वाजायचे, पण एफ कॉर्ड म्हटलं की नुसता 'ठप्प' असा आवाज. क्लासचे सर म्हणायचे, "सराव वाढव." मी वाढवला. शेवटी मीच ठरवून टाकलं, की आपला हात जड आहे, आपल्याला हे जमणारं नाही.

टीवायला असताना हॉस्टेलचा एक सीनियर घरी जेवायला आला. त्याने कपाटावरची गिटार खाली काढली, धूळ पुसली, दोन कॉर्ड वाजवले आणि तोंड वाकडं केलं. मग माझ्या कंपासमधली स्टीलची फूटपट्टी मागून घेतली. बाराव्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या बाराव्या धातूच्या पट्टीवर, ती उभी धरली आणि सगळ्यात जाड तार किती वर आहे ते मोजलं.

"पाच मिलिमीटर! अरे, ही गिटार आहे की व्यायामशाळा?"

तार आणि फ्रेट यांच्यातल्या या अंतराला 'अ‍ॅक्शन' म्हणतात. बाराव्या फ्रेटपाशी ते साधारण दोन ते तीन मिलिमीटर असेल तर हात सुखाने चालतो. माझ्या गिटारवर ते जवळपास दुप्पट होतं. म्हणजे दोन वर्षं मी ज्याला स्वतःचा नालायकपणा समजत होतो, तो निम्म्याहून अधिक त्या लाकडाचा होता. हे कळल्यावर आधी हसू आलं आणि मग खूप राग आला.

हा लेख त्या रागातूनच लिहितोय. नवं वर्ष सुरू झालं की कट्ट्यावर कोणीतरी विचारतंच, "पिकअपवाली गिटार घ्यायचीय, बजेट कमी आहे, कोणती घेऊ?"

'सेमी' म्हणजे नक्की काय?

दुकानात गेलात की 'सेमी-अकॉस्टिक दाखवू का?' असं विचारतील. आपल्याकडे हा शब्द रुळलाय, पण तो चुकीचा आहे. सेमी-अकॉस्टिक म्हणजे आतून थोडी पोकळ असलेली इलेक्ट्रिक गिटार. १९५८ साली आलेली गिब्सनची ईएस-३३५ ही तिची प्रसिद्ध बहीण. आपल्याला हवी असते ती इलेक्ट्रो-अकॉस्टिक : नेहमीची पोकळ लाकडी गिटार, पण स्पीकरला जोडता येणारी.

ही कल्पना तशी जुनी. गिब्सनने १९५४ साली जे-१६०ई नावाची अशी गिटार काढली. पुढे बीटल्सच्या जॉन लेनन आणि जॉर्ज हॅरिसन यांच्या हातात ती दिसली. त्या गिटारमध्ये लोहचुंबकाचा पिकअप होता. आजच्या बजेटमधल्या गिटारींत बहुतेक वेळा 'पिएझो' असतो. ब्रिजवर तारा जिच्यावर टेकतात ती पांढरी पट्टी म्हणजे सॅडल. तिच्याखाली पिएझोची बारीक पट्टी दडवलेली असते. तार थरथरली की तिच्यावर दाब पडतो आणि त्या दाबातून वीज तयार होते. पिएर आणि झाक क्युरी या भावांनी १८८० साली हा गुणधर्म शोधला. घरातला टकटक करणारा गॅसचा लायटर याच तत्त्वावर ठिणगी पाडतो. थोडक्यात, आईचा लायटर आणि तुमची गिटार एकाच घराण्यातले!

ही वीज अगदीच क्षीण असते. तिला ताकद द्यायला गिटारच्या कडेला प्रीअँप बसवलेला असतो. त्यात ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी, आवाजाचं बटण, बास-ट्रेबलची बटणं आणि बऱ्याचदा ट्यूनरही असतो.

मुळात तुम्हाला ती हवीय का?

हा प्रश्न दुकानदार विचारणार नाही, म्हणून स्वतःलाच विचारा. तुम्ही घरी, हॉस्टेलच्या खोलीत किंवा टेकडीवर मित्रांसोबत वाजवणार असाल तर पिकअपची काहीच गरज नाही. गिटारचा स्वतःचा आवाज पुरतो. रील किंवा कव्हर रेकॉर्ड करायचं असेल तरी शांत खोलीत फोन समोर ठेवून चांगलं काम होतं. उलट स्वस्त पिएझो थेट रेकॉर्ड केला तर आवाज पातळ, प्लास्टिकसारखा येतो.

पण बँडमध्ये वाजवायचं असेल, गॅदरिंग किंवा फेस्टची स्वप्नं पडत असतील, तर मामला वेगळा. मागे ड्रम्स वाजत असताना समोर माइक ठेवून गिटार ऐकू येत नाही. माइकचा आवाज वाढवला की स्पीकर 'हूऽऽऽ' करून ओरडायला लागतो. तिथे केबल जोडता येणं ही चैन नाही, गरज आहे.

लक्षात ठेवा, ठरावीक पैशांत कंपनी एक तर लाकूड आणि कारागिरीवर खर्च करते, नाही तर इलेक्ट्रॉनिक्सवर. चार-पाच हजारांच्या गिटारमध्ये प्रीअँपही दिला असेल, तर कात्री दुसरीकडे कुठेतरी लागलेली असते. त्यामुळे बजेट फारच कमी असेल तर चांगली साधी अकॉस्टिक घ्या. पिकअप नंतरही बसवता येतो. मधल्या गोल छिद्रात अडकवायचे पिकअपही मिळतात. नवशिक्यांची लाडकी यामाहा एफ-३१० साधी आहे आणि तिची पिकअपवाली जोडीदार म्हणजे एफएक्स-३१०ए. अशा जोड्या शेजारी ठेवून बघितल्या की प्रीअँपसाठी आपण नेमके किती पैसे मोजतोय ते कळतं.

पैशांचं गणित

किमती सतत बदलतात, तेव्हा हे आकडे ढोबळ समजा. सहा ते नऊ हजारांत केडन्स, व्हॉल्ट अशा भारतीय ब्रँडच्या पिकअपवाल्या गिटारी येतात. कोलकात्याच्या गिव्हसन आणि हॉबनर त्याहूनही स्वस्तात मिळतात, पण एकाच मॉडेलच्या दोन नगांमध्येही फरक असू शकतो. तिथे पारखून घेणं मस्ट. दहा हजारांच्या पुढे यामाहा, कोर्ट, आयबानेझ, फेंडर यांची सुरुवातीची मॉडेल्स दिसू लागतात.

सगळे पैसे गिटारवरच उडवू नका. हजार-दीड हजार बाजूला ठेवा. त्यातून एकदा 'सेटअप' करून घ्या. म्हणजे कारागीर मानेचा बाक नीट करतो, सॅडल घासून अ‍ॅक्शन खाली आणतो आणि तारा बदलतो. नवशिक्याने ०.०१० किंवा ०.०११ इंची तारा लावाव्यात. ०.०१२च्या तारांचा आवाज भरदार असतो, पण सुरुवातीला बोटं रडतात. ट्यूनरसाठी फोनवरचं फुकट अ‍ॅप पुरे. सेकंड-हँड गिटार मिळत असेल तर लाजू नका. हौसेने घेतलेली आणि चार महिन्यांत कपाटावर गेलेली गिटार प्रत्येक गल्लीत एक तरी असतेच. मी सांगतोय ना!

दुकानात दहा मिनिटं

शक्य असेल तर प्रत्यक्ष दुकानात जा. मुंबईत धोबीतलावला फुर्ताडोजसारखं एकोणिसाव्या शतकापासूनचं दुकान आहे, आणि इतर शहरांतही वाद्यांची दुकानं आहेतच. वाजवता येत नसेल तर वाजवणाऱ्या मित्राला चहा-वडापाव कबूल करून सोबत न्या. आणि हे तपासा :

* डोळा लावून मान बघा. बंदुकीचा नेम धरल्यासारखं वरच्या टोकाकडून पाहा. मान पिळवटलेली दिसली तर तो नग बाजूला ठेवा.
* फूटपट्टीने बाराव्या फ्रेटवर अ‍ॅक्शन मोजा. लाज वाटली तर माझी पाच मिलिमीटरची गोष्ट आठवा.
* प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर दाबून वाजवा. कुठे 'झर्रर्र' येतंय का, कुठे सूर मरतोय का, ते ऐका.
* मोकळी तार सुरात लावून तीच बाराव्या फ्रेटवर दाबा. ट्यूनरवर तोच सूर, एक सप्तक वरचा, दिसायला हवा. फार हलला तर पुढे कॉर्ड बेसूर वाजणार.
* केबल जोडून वाजवल्याशिवाय पैसे देऊ नका. सहाही तारा सारख्या ऐकू येतात का? बटणं फिरवताना खरखर होते का? जॅक हलवला की आवाज जातो का?
* शेवटी मांडीवर घेऊन पाच मिनिटं नुसते बसा. मोठ्या पोटाच्या 'ड्रेडनॉट'चा आवाज दणदणीत असतो, पण खांदा अवघडत असेल तर लहान आकाराची घ्या. जी हातात घ्यावीशी वाटते, तीच वाजवली जाते.

'सॉलिड टॉप' आणि 'लॅमिनेट' असे शब्द कानावर पडतील. वरची फळी अखंड लाकडाची असेल तर आवाज जास्त खुलतो. थर चिकटवून केलेली लॅमिनेट फळी स्वस्त आणि सोशिक असते. कोकणातल्या किंवा मुंबईच्या पावसात लाकूड दमटपणाने फुगतं आणि अ‍ॅक्शन वर जाते. विदर्भाच्या उन्हाळ्यात ते सुकून आकसतं आणि फ्रेटची टोकं हाताला टोचतात. अशा हवेत पहिली गिटार लॅमिनेट असण्यात काहीच कमीपणा नाही. बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि गिटार उन्हात तापलेल्या गाडीत कधीही सोडू नका.

आणि ती बॅटरी!

त्या सीनियरच्या नादाने मी पुन्हा वाजवायला लागलो. शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांतून एक सेकंड-हँड इलेक्ट्रो-अकॉस्टिक घेतली आणि गॅदरिंगच्या बँडमध्ये शिरलो. आदल्या रात्री उशिरापर्यंत प्रॅक्टिस झाली. केबल तशीच गिटारला लावून झोपलो. दुसऱ्या दिवशी स्टेजवर उभा राहिलो, पहिला कॉर्ड मारला आणि शांतता! समोर अख्खं कॉलेज.

या गिटारींत बहुधा केबलचा जॅक आत घातला की बॅटरी चालू होते. वेगळं बटण नसतं. वाजवा किंवा झोपा, केबल आत आहे तोवर बॅटरी जळत राहते. माझी रात्रभर जळली होती. शेवटी साउंडवाल्या काकांनी धावत येऊन गिटारसमोर माइक उभा केला. ड्रमरने बिचाऱ्याने हळू वाजवलं आणि आमचं गाणं कसंबसं पार पडलं. तेव्हापासून माझ्या बॅगेत एक जादा बॅटरी असतेच, आणि वाजवून झालं की पहिलं काम म्हणजे केबल काढणं.

ती निळी गिटार? ती आम्ही दुरुस्तीवाल्याकडे नेली होती. त्याने मान सरळ केली, सॅडल घासलं, पातळ तारा लावल्या आणि चारशे रुपये घेतले. घरी येऊन मी एफ कॉर्ड धरला. सहाही तारा वाजल्या. चारशे रुपयांचं काम, पण ते कोणी न सांगितल्यामुळे माझी दोन वर्षं गेली.

आता ती शेजारच्या अकरावीतल्या मुलीकडे आहे. परवा जिन्यात भेटली तेव्हा म्हणाली, "दादा, बोटं फार दुखतात रे. मला नाही जमणार बहुतेक."

मी म्हटलं, "दोन-तीन आठवडे दुखतात, मग टोकं घट्ट होतात. त्यानंतरही दुखलीच तर मला सांग. आधी फूटपट्टी आणू, मग ठरवू कोणाला जमत नाहीये, तुला की गिटारला."