‘बहुचर्चित’ : अर्थ आणि उपयोजन

एखाद्या गोष्टीकडे समाजाचे लक्ष वेधले गेले आहे, हे सांगणारी अनेक विशेषणे मराठीत आहेत. नामांकित, गाजलेला, वादग्रस्त, बहुचर्चित ही त्यांपैकी काही. ती पुष्कळदा एकमेकांऐवजी वापरली जातात. परंतु त्यांचे अर्थ एक नाहीत.

‘बहुचर्चित’ म्हणजे ज्याविषयी पुष्कळ चर्चा झाली आहे असे. हे विशेषण चर्चेचे प्रमाण सांगते. ती चर्चा स्तुतीची की निंदेची, हे सांगत नाही. ‘नामांकित’ या शब्दात गौरव असतो, ‘कुप्रसिद्ध’ या शब्दात निंदा असते. ‘वादग्रस्त’मधील ‘ग्रस्त’ म्हणजे ग्रासलेला. दुष्काळग्रस्त, पूरग्रस्त या शब्दांतही तोच अर्थ आहे. म्हणून ‘वादग्रस्त’ हे विशेषण ज्या नामाला लावावे, त्याला वाद चिकटतो.

एक उदाहरण पाहू. ९१ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनासाठी २०१७ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील हिवरा आश्रम या गावाची निवड झाली. तेथील विवेकानंद आश्रम निमंत्रक होता. या निवडीवर आक्षेप घेतले गेले, वृत्तपत्रांतून वाद रंगला आणि आश्रमाने निमंत्रण मागे घेतले. पुढे फेब्रुवारी २०१८ मध्ये हे संमेलन बडोद्यास झाले.

या घटनेविषयी पुढील तीन वाक्यरचना संभवतात :

१. बहुचर्चित स्थळनिवड
२. वादग्रस्त स्थळनिवड
३. वादग्रस्त हिवरा आश्रम

पहिली रचना तटस्थ आहे. दुसरी वस्तुस्थितीला धरून आहे, कारण वाद निवडीविषयीच होता. तिसऱ्या रचनेत मात्र विशेषण निवडीवरून सरकून गावाच्या नावावर बसते. वाद काही दिवसांत शमतो. गावाला लागलेले विशेषण लवकर सुटत नाही. तेथील शेतकरी, विद्यार्थी यांचा त्या वादाशी संबंध असो वा नसो, ते त्यांनाही वाहावे लागते.

व्याकरणदृष्ट्या ‘बहुचर्चित’ आणि ‘वादग्रस्त’ ही अविकारी विशेषणे आहेत : बहुचर्चित ग्रंथ, बहुचर्चित कादंबरी, बहुचर्चित नाटके. ‘गाजलेला’ मात्र लिंगवचनानुसार बदलते : गाजलेला ग्रंथ, गाजलेली कादंबरी, गाजलेली नाटके.

विशेषण योजताना म्हणून दोन प्रश्न विचारावेत : आपल्याला केवळ चर्चा सांगायची आहे की मतही नोंदवायचे आहे? आणि ते विशेषण योग्य नामालाच लागले आहे ना?

स्वयंअध्ययन : आजच्या वृत्तपत्रातील अशी तीन विशेषणे शोधा आणि प्रत्येक विशेषण कोणत्या नामाला लागले आहे ते तपासा.