बसलेल्या माणसाचा आरसा

आपल्या घरातील आरसे कोणाच्या उंचीला लावलेले आहेत, हे आपण कधी मोजून पाहिले आहे काय? बहुतेक घरांत बेसिनवरचा आरसा घर बांधतेवेळी लागतो, आणि तोही घरातील सर्वांत उंच पुरुषाला दाढी करताना सोयीचा पडेल अशा बेताने. पुढे तीस वर्षे तो तेथेच राहतो. दरम्यान घरातील माणसे वाकतात, वॉकरचा आधार घेतात, खुर्चीत बसून दात घासू लागतात. आरसा मात्र उभ्या माणसाचाच राहतो.

माझ्या सासूबाईंच्या खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली, त्या वॉकरने चार पावले टाकू लागल्या. परंतु त्यांचे कुंकू रोज थोडे डावीकडे सरकलेले असे. भांग वाकडा. ब्लाउजचे वरचे बटण राहून गेलेले. आम्ही समजलो, नजर मंदावली. डोळ्यांच्या डॉक्टरांकडेही जाऊन आलो. एके दिवशी काही कारणाने मी त्यांच्या खुर्चीत बसले आणि समोरच्या आरशात पाहिले. त्यात मला ट्यूबलाइट दिसली आणि गिझरची नळी. सासूबाईंनी जवळजवळ वर्षभर स्वतःचा चेहरा नीट पाहिला नव्हता, आणि त्याबद्दल त्या एका शब्दानेही बोलल्या नव्हत्या.

यात केवळ नटण्याचा प्रश्न नाही. तोंडातला पांढरा चट्टा, गालावरचा वाढता तीळ, पक्षाघातानंतर दुबळ्या बाजूच्या गालात अडकून राहिलेला घास, डोळ्याच्या पांढऱ्या भागातील पिवळेपणा, या गोष्टी सर्वप्रथम ज्याच्या त्याने आरशातच पाहायच्या असतात. वृद्ध माणसाला आरसा दिसेनासा झाला की ही नजर दुसऱ्याकडे जाते. आणि दुसऱ्याला घाई असते.

म्हणून आम्ही मापाचा आरसा करून घेण्याचे ठरविले. आमचे घर इतवारीत, सराफ्यामागच्या एका बोळात. नागपुरात सोमवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी, शनिवारी अशा वारांच्या नावांच्या वस्त्या आहेत. आमची रविवारच्या बाजाराची. येथे किराणा ओळी आहे, सोन्याचांदीची दुकाने आहेत, आणि काच कापून देणारेही आहेत. तयार आरसा विकत आणणे सोपे असते, परंतु तयार आरशाचे माप कारखान्याच्या सोयीचे असते. काचवाल्याकडे आपले माप चालते. फक्त ते आपल्याला ठाऊक हवे.

माप घेण्याची एक साधी रीत सांगते. उभ्या माणसाला स्वतःला नखशिखांत पाहण्यासाठी त्याच्या उंचीच्या निम्मा आरसा पुरतो, मग तो जवळ उभा राहो वा दूर. पाच फुटी आरसा घेण्याचे कारण नसते. वरची कड डोळे आणि डोक्याचा माथा यांच्या मधोमध यावी. माझे पती ६६ इंच उंच, डोळे जमिनीपासून ६२ इंचांवर. म्हणजे वरची कड ६४ इंचांवर. खालच्या कडेचे गणित मात्र बसणाऱ्या माणसासाठी बदलते. खुर्चीत पावले डोळ्यांच्या पुढे येतात, त्यामुळे ती दिसण्यासाठी आरसा डोळ्यांच्या निम्म्या उंचीपेक्षाही खाली न्यावा लागतो. सासूबाईंचे डोळे बसल्यावर ४५ इंचांवर येतात. भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवून, त्यांना त्यांच्याच रोजच्या खुर्चीत बसवून, हातातला छोटा आरसा भिंतीवरून वरखाली सरकवीत आम्ही खुणा केल्या. खालची कड १९ इंचांवर आली. एकूण उंची ४५ इंच. आपणही हे काम माणसाला प्रत्यक्ष बसवूनच करावे. अंदाजाने केलेले माप हमखास चुकते. बेसिनवरच्या आरशासाठी एक आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे: अमेरिकेतील अपंगांसाठीच्या सुगम बांधणीच्या नियमांत बेसिनवरील आरशाची खालची कड जमिनीपासून ४० इंचांहून वर नसावी असे सांगितले आहे. आमच्या बेसिनवर ती ५२ इंचांवर होती.

आता खर्चाकडे वळू. काच चौरस फुटाच्या भावाने मिळते, हे आपणास ठाऊक असेल. ठाऊक नसते ते हे, की अनेक दुकानांत माप तीन-तीन इंचांच्या टप्प्याने वर धरले जाते. आपण २२ इंच बाय ४६ इंच सांगितले तर पैसे २४ बाय ४८ चे, म्हणजे पूर्ण ८ चौरस फुटांचे पडतात. तेच माप २१ बाय ४५ केले तर साडेसहा चौरस फुटांहून किंचित जास्त. एकेक इंच सोडल्याने दीड फुटाचे पैसे वाचले, आणि सासूबाईंना त्या इंचाने काही फरक पडला नाही.

आम्हाला ५ मिलिमीटर जाडीच्या आरशाचा भाव १३० रुपये फूट मिळाला. काचेचे ८५३ रुपये झाले. चारही कडा घासून गुळगुळीत करण्याचे, रनिंग फुटाला १५ प्रमाणे, १६५. पाठीमागे सुरक्षा फिल्म लावण्याचे ४० रुपये फुटाने २६२. यांवर १८ टक्के वस्तू आणि सेवा कर धरून १५१०. मागे बसविण्यासाठी पाण्याने न फुगणारे १२ मिलिमीटरचे प्लायवुड ६२३, खालची अॅल्युमिनियमची पट्टी, क्लिपा, स्क्रू व सिलिकॉन मिळून ४५०, बसविण्याची मजुरी ७००, आणि बोळातून हातठेल्यावर आणून जिन्याने वर चढविण्याचे ३००. सगळे मिळून ३५८३ रुपये. भाव बदलतात, दुकानागणिकही बदलतात. आपण पाहावे ते प्रमाण. निव्वळ काच एकूण खर्चाच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी होती. घासाघीस मात्र आपण सारे काचेच्या भावावरच करतो, आणि जेथे खरी सुरक्षितता आहे ती फिल्म, ते प्लायवुड आणि ती पट्टी ‘कशाला उगाच’ म्हणून सोडून देतो.

हे मी अनुभवाने लिहीत आहे. वरील आरसा आमचा दुसरा. पहिला आम्ही स्वस्तात बसविला होता. आलेल्या कारागिराने भिंतीवर सिलिकॉनचे गोळे लावले, आरसा दाबला, अर्धा तास टेकू दिला आणि तो गेला. खोलीत दोन दिवस शिरक्याचा आंबट वास होता. त्याचे मला तेव्हा काहीच वाटले नाही. तीन महिन्यांनी, ऐन उन्हाळ्यात, कूलर सुरू असताना, रात्री अडीचच्या सुमारास आरसा खाली आला. सासूबाईंचा पलंग चार फुटांवर. त्यांना मधुमेह आहे, तळपायांना संवेदना कमी आहे, आणि आवाजाने दचकून त्या अनवाणी उतरू पाहत होत्या. मी ‘उतरू नका, पाय वर घ्या’ असे ओरडले. दिवा लावला तेव्हा पलंगाखालपर्यंत काचा गेलेल्या होत्या. सकाळी तुकडे उचलताना पाहिले, तर सिलिकॉनच्या प्रत्येक गोळ्याला भिंतीच्या डिस्टेंपरचा पापुद्रा तसाच चिकटलेला होता. सिलिकॉन सुटले नव्हते. रंगच भिंतीवरून सुटला होता.

इतवारीतील जुन्या घरांच्या भिंती चुन्याच्या गिलाव्याच्या आहेत, त्यावर रंगाचे थर चढलेले, आणि कूलरच्या ओल्या हवेने ते भुसभुशीत झालेले. अशा भिंतीवर नुसत्या चिकटपट्टीवर वा सिलिकॉनवर आरसा कधीही सोडू नये. ५ मिलिमीटरच्या काचेचे वजन चौरस मीटरला साडेबारा किलो असते. आमचा आरसा साडेसात किलोचा आहे. हे वजन खालच्या पट्टीने पेलावे, बाजूच्या क्लिपांनी आरसा भिंतीशी धरावा, आणि सिलिकॉनने फक्त हादरे शोषावेत. स्क्रू गिलाव्यात नव्हे, त्यामागच्या विटेत रावल प्लगसह जावेत. ड्रिलमधून लाल भुकटी पडू लागली की वीट लागली असे समजावे. सिलिकॉनही ‘न्यूट्रल क्युअर’ लिहिलेलेच घ्यावे. आंबट वासाच्या सिलिकॉनमधून सुटणारे आम्ल आरशाच्या पाठीवरील थराला खाते आणि काही महिन्यांत पुढून काळे डाग दिसू लागतात. काचेमागे चांदीचा पातळ थर बसविण्याची ही विद्या जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिख यांनी १८३५ मध्ये शोधली; आजचे आरसेही मुळात तसेच असतात, आणि ओल हा त्यांचा जुना शत्रू आहे. म्हणून ओले फडके आरशावर फवारून नव्हे, आधी पिळून मग फिरवावे, आणि कडा कोरड्या ठेवाव्यात.

‘टफन्ड आरसा द्या’ असे सांगणारे पुष्कळ असतात. काच आधी तापवून कठीण करावी लागते आणि मग तिला पाठ चढवावी लागते. तयार आरसा नंतर टफन्ड करता येत नाही. दुकानात सहसा मिळतो तो साधा आरसाच. त्याला सुरक्षा फिल्म असेल तर फुटल्यावर तुकडे फिल्मला धरून राहतात. वृद्धांच्या खोलीत या २६२ रुपयांवर तडजोड करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. उलट दिव्यांच्या, स्पर्शाने चालणाऱ्या आरशांवर मी खर्च करणार नाही. कापऱ्या वा ओल्या बोटांना ते कळ सापडू देत नाहीत, आणि मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांना त्यांची तिरीप सहन होत नाही. चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंनी येणारा साधा मंद उजेड पुरेसा असतो.

आरसा कोठे लावू नये, हेही पाहावे. बोळवजा मार्गिकेच्या टोकाला लावलेला मोठा आरसा अंधूक दिसणाऱ्या माणसाला पुढची खोली वाटतो आणि तो त्यावर आदळतो. आणि स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाच्या खोलीत तर फार जपावे. आमच्या आत्येसासूबाई शेवटच्या दोन वर्षांत ‘ही बाई माझ्या खोलीत का बसली आहे, हिला जेवायला वाढा’ असे म्हणत. आरशातली प्रतिमा स्वतःची आहे हे या आजारात काहींना ओळखू येत नाही. त्यांच्याशी वाद घालून उपयोग नसतो. आरशावर पडद्याची दांडी लावावी. वेणीफणीपुरता पडदा सारावा, एरवी ओढून घ्यावा. त्यांचा पडदा जुन्या सुती साडीचा होता. तो लावल्यावर संध्याकाळची अस्वस्थता उतरली.

पक्षाघाताच्या रुग्णांसाठी आरशाचा आणखी एक उपयोग आहे. १९९० च्या दशकात मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी तुटलेल्या हाताच्या जागी होणाऱ्या वेदनांसाठी आरशाचा प्रयोग केला. टेबलावर मधोमध उभ्या आरशात चांगल्या हाताचे प्रतिबिंब पाहत हालचाल करण्याची ती पद्धत आता पक्षाघातानंतरही फिजिओथेरपीत वापरली जाते. आपल्या रुग्णाला ती सांगितली असेल तर दीड बाय दोन फुटांचा, कडा घासलेला आरसा लाकडी पायावर काचवाला करून देतो. व्यायाम मात्र थेरपिस्टने शिकवल्याप्रमाणेच करावा.

आम्हाला सर्वांत उपयोगी पडला तो सर्वांत लहान आरसा. चपलांच्या दुकानात जमिनीलगत तिरपा आरसा ठेवलेला असतो, तो पाहून सुचले. १२ बाय १८ इंचांचा, लाकडी चौकटीत तिरपा बसविलेला आरसा सासूबाईंच्या खुर्चीपुढे ठेवतो. चौकटीसह तो ४०० रुपयांत झाला. मधुमेहात तळपायाची जखम दुखत नाही, म्हणून रोज तळवे, टाचा आणि बोटांच्या बेचक्या पाहण्यास डॉक्टर सांगतात. वाकता न येणाऱ्या माणसाने ते पाहायचे कसे, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. सासूबाई आंघोळीनंतर एकेक पाय उचलून आरशावर धरतात आणि चष्मा लावून सावकाश पाहतात.

पंधरा दिवसांपूर्वी त्यांनीच मला हाक मारली, ‘अगं, टाचेच्या मागे हे काळसर काय आहे बघ.’ चपलेच्या पट्ट्याने घासून झालेला फोड होता, त्यांना अजिबात न दुखणारा. डॉक्टरांनी साफ करून पट्टी बांधली, चप्पल बदलायला सांगितली आणि आठ दिवसांनी पुन्हा बोलावले. आता जखम सुकली आहे. जुनी चप्पल सासूबाईंनी स्वतःच्या हाताने कचऱ्याच्या गाडीत टाकली.