घरबसल्या आकाशाचे वाचन

विश्वाचे वय आजच्या सुमारे निम्मे असताना निघालेल्या रेडिओलहरींतून एकमेकींना छेदणारी दोन प्रचंड कंकणे दृष्टीस पडल्याची वार्ता ऑक्टोबर 2025 मध्ये वाचकांनी वाचलीच असेल. परंतु त्या कंकणांच्या कौतुकात, ती प्रथम कोणाच्या नजरेस कशी आली हा माझ्या मते तितकाच मोलाचा वृत्तान्त मागे पडला. युरोपातील ‘लोफार’ दुर्बिणीची खुली चित्रे आपापल्या घरी बसून न्याहाळणाऱ्या ‘रॅड ॲट होम’ या भारतीय नागरिक-संशोधकांच्या मंडळाचे ते फळ आहे.

मुंबई विद्यापीठाच्या आवारातील मूलभूत विज्ञान केंद्रात काम करणारे खगोलशास्त्रज्ञ डॉ. आनंद होता यांच्या पुढाकाराने 2013 साली हे मंडळ उभे राहिले. त्याचे मुख्य साधन आहे नारायणगावानजीक खोडदच्या परिसरातील रेडिओ दुर्बीण: तिच्या 45 मीटर व्यासाच्या 30 ॲन्टेनांनी 150 मेगाहर्ट्झवर जे आकाश टिपले, त्याचे दप्तर सर्वांना खुले आहे. मात्र दप्तर खुले असले तरी ते वाचायला कोणीतरी शिकवावे लागते, आणि या मंडळाचे सारे मर्म त्या शिकवण्यात आहे. एकाच आकाशखंडाची रेडिओ, अवरक्त आणि दृश्य प्रकाशातील चित्रे निरनिराळ्या रंगांत परस्परांवर ठेवली, की कृष्णविवराजवळून निघालेला झोत कोणत्या दीर्घिकेचा, तो कोठे वाकला, दोन्ही बाजूंऐवजी एकीकडेच का दिसतो, असे प्रश्न विद्यार्थ्यालाच सुचू लागतात. तो आपले चित्र सर्वांपुढे मांडतो, शेकडो कोसांवरचा दुसरा त्याला हरकत घेतो, आणि खातरजमा झाल्यावर खोडदच्या दुर्बिणीकडे वेधासाठी रीतसर अर्ज रुजू होतो. एका दीर्घिकेचा झोत शेजारणीवर आदळून अळंबीच्या छत्रीसारखा फुगल्याचे 2022 साली प्रसिद्ध झालेले निरीक्षण याच वाटेने हाती आले.

दूर राहून एकत्र संशोधन करण्याचे प्रयोग परदेशांत झाले नाहीत असे नाही. 2007 च्या ‘गॅलेक्सी झू’ने एक लाखाहून अधिक स्वयंसेवकांकडून दीर्घिका सर्पिल की लंबवर्तुळाकार एवढे ठरवून घेतले, 2009 साली टिमथी गॉवर्स यांच्या आवाहनावरून गणितज्ञांनी जाहीर विचारविनिमयातून एका अवघड प्रमेयाची नवी सिद्धता मिळवली. पण पहिल्यात स्वयंसेवकाच्या वाट्याला मुख्यतः वर्गवारी येते, आणि दुसऱ्यात पुरेसे गणित आधीच शिकलेल्यालाच प्रवेश मिळतो. पदवीपुरते विज्ञान शिकलेल्या सामान्य मुलाला संशोधक करण्याची जबाबदारी या दोन्हींपेक्षा आपल्या मंडळाने अधिक मनापासून पत्करली आहे, असे मी निःसंकोच म्हणेन.

दरवर्षी आपल्या तालुक्यातालुक्यांतून भौतिकशास्त्राचे पदवीधर बाहेर पडतात आणि त्यांपैकी पुष्कळांचा त्या शास्त्राशी असलेला संबंध निकालपत्रापाशीच संपतो. खोडदची दुर्बीण पुणे जिल्ह्यातली आहे आणि तिचे दप्तर उघडायला शुल्क पडत नाही. आपल्या महाविद्यालयांच्या प्राचार्यांनी एखादी खोली, दोन संगणक आणि आठवड्याची एक दुपार या मुलांसाठी राखून ठेवावी, अशी माझी त्यांना कळकळीची विनंती आहे.