घरातील मोहोळ जाळू नये

उष्ण प्रदेशांत मधमाश्या मनुष्यवस्तीतही मोहोळ बांधतात. भारतातील सातेरी मधमाशी झाडाच्या ढोलीप्रमाणेच भिंतीच्या पोकळीत, अंधारात, अनेक समांतर पोळी बांधते. आग्या मधमाशी मात्र उंच इमारतींच्या सज्जाखाली एकच मोठे पोळे उघड्यावर लटकवते व फुलांचा हंगाम सरल्यावर बहुधा स्वतःहून स्थलांतर करते. मोहोळास धूर वा आग लावणे धोकादायक असते. डंखासोबत सुटणाऱ्या गंधाने इतर माश्याही हल्ल्यास प्रवृत्त होतात. सातेरीची वसाहत प्रशिक्षित मधपाळाकडून लाकडी पेटीत हलविता येते. पुण्यात १९६२ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय मधुमक्षिका संशोधन व प्रशिक्षण संस्था असे प्रशिक्षण देते. त्यानंतर उरलेले मेण काढून फट बुजवावी, अन्यथा त्या वासाने नवा थवा येऊ शकतो. माश्या जगल्यास परिसरातील पिकांचे परागीभवनही टिकते.