उंची पेट्रोल आणि आपली रोजची गाडी

भातकुलीहून अमरावतीस जाण्याचें अंतर फार नाहीं. परंतु विद्यार्थी, शिक्षक, शेतकरी, दुकानदार व नोकरदार मिळून त्या रस्त्यानें रोज जाणाऱ्या फटफट्यांची व मोटारींची रांग बरीच मोठी असते. एके काळीं या मुलखांत दमणी आणि छकडा हींच वाहनें होतीं, व त्यांचा खर्च म्हणजे सरकी, ढेप आणि कडबा. आतां पुष्कळ घरांच्या जमाखर्चांत किराण्याच्या खालोखाल पेट्रोलाची रक्कम मांडावी लागते. ज्या वस्तूवर इतका पैसा जातो, तिच्याविषयीं थोडी शास्त्रीय माहिती विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस असणें अगत्याचें आहे.

पेट्रोल पंपावर गेल्यास पुष्कळ ठिकाणीं दोन प्रकारचें पेट्रोल मिळतें. एक साधें, व दुसरें लिटरमागें कांहीं रुपये अधिक पडणारें उंची. इंडियन ऑइलचें एक्सपी ९५, भारत पेट्रोलियमचें स्पीड, हिंदुस्थान पेट्रोलियमचें पॉवर हीं नांवें पाट्यांवर सर्वांनीं वाचलींच असतील. वेग आणि बळ सुचविणारीं हीं नांवें वाचून मनुष्यास सहज वाटतें कीं, जसें पातळ दुधापेक्षां म्हशीचें दाट दूध सकस, तसेंच हें उंची पेट्रोल साध्यापेक्षां सकस असावें. कित्येक सद्गृहस्थ तर महिन्यांतून एकदां गाडीस औषधाचा डोस द्यावा तसें तें भरतात. हा खर्च सार्थकीं लागतो किंवा नाहीं, हें पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम इंजिनाचें काम कसें चालतें तें पाहूं. इंजिनाच्या नळकांड्यांत, म्हणजे सिलिंडरांत, एक दट्ट्या खालींवर होत असतो. तो खालीं जातांना हवा व पेट्रोलाची वाफ आंत ओढली जाते. वर येतांना तें मिश्रण दाबलें जातें. दाबलेल्या मिश्रणावर प्लगाची ठिणगी पडून तें पेटतें व दट्ट्यास जोरानें खालीं लोटतें. आणि शेवटीं जळका धूर बाहेर टाकला जातो. यांपैकीं दुसरी क्रिया, म्हणजे दाबणें, ही आपल्या विषयाची किल्ली आहे. सायकलींत हवा भरतांना पंपाचें खालचें टोंक तापतें, हा अनुभव प्रत्येक विद्यार्थ्यास आहे. वायु दाबला असतां तापतो, हाच तो नियम. आजच्या साध्या मोटारींत हें मिश्रण मूळच्या सुमारें एक दशांश ते एक द्वादशांश जागेंत कोंबलें जातें. अर्थात् तें चांगलेंच तापतें. जितका दाब अधिक, तितकें तेवढ्याच इंधनापासून अधिक काम मिळतें. म्हणून इंजिनें बांधणाऱ्यांचा कल दाब वाढविण्याकडे असतो.

परंतु या दाबास एक मर्यादा आहे. ठिणगी पडल्यावर ज्वाला एका बाजूनें दुसऱ्या बाजूकडे क्रमानें पसरत जावी, ही योग्य रीति. दाब व उष्णता फार झाल्यास, ज्वाला पोहोंचण्यापूर्वींच कोपऱ्यांत उरलेलें मिश्रण आपणहून एकदम भडकतें. मग दट्ट्यास सरळ रेटा मिळण्याऐवजीं घणाचा घाव बसल्यासारखा धक्का बसतो, आणि टक् टक् असा धातूचा आवाज येतो. आमच्याकडील मिस्त्री यास ‘इंजिन ठोकतें’ असें म्हणतात. हा ठोका दीर्घकाळ चालल्यास दट्ट्या व इतर भाग खराब होतात.

पेट्रोलाची हा ठोका टाळण्याची जी क्षमता, तिचेंच माप म्हणजे ऑक्टेन अंक. गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत अमेरिकेंतील रसायनशास्त्रज्ञ ग्रॅहॅम एडगर यांनीं दोन शुद्ध द्रव्यें या मापासाठीं निवडलीं. आयसो-ऑक्टेन हें सहजासहजीं ठोका देत नाहीं. त्यास १०० अंक दिले. हेप्टेन हें लवकर ठोका देतें, त्यास शून्य. दाब कमीजास्त करतां येईल अशा इंजिनांत एखादें पेट्रोल चालवून पाहावें, व तें ९१ भाग आयसो-ऑक्टेन आणि ९ भाग हेप्टेन यांच्या मिश्रणासारखें वागल्यास त्याचा ऑक्टेन अंक ९१ समजावा, अशी ही रीत आहे. पूर्वीं हा अंक वाढविण्यासाठीं पेट्रोलांत शिशाचें एक संयुग मिसळीत असत. थॉमस मिज्ली यांनीं डिसेंबर १९२१ मध्यें त्याचा गुण शोधून काढला. परंतु धुरांतून पसरणारें शिसें मुलांच्या मेंदूस अपायकारक असल्यामुळें २००० सालापासून आपल्या देशांत शिसेंयुक्त पेट्रोलाची विक्री बंद झाली.

येथें वाचकांनीं एक गोष्ट नीट ध्यानांत धरावी. ऑक्टेन अंक हें पेट्रोलाच्या बळाचें माप नसून त्याच्या धीराचें माप आहे. दाब पडला असतां अवेळीं न भडकणें, एवढाच त्याचा अर्थ. उंची पेट्रोलाच्या एका लिटरांत साध्याहून अधिक उष्णता भरलेली असते असें मुळींच नाहीं.

याचा उत्तम पुरावा आपल्या सर्वांच्या गाडीच्या टाकींतच आहे. उसापासून व धान्यापासून केलेलें इथेनॉल आपल्या देशांत पेट्रोलांत मिसळतात, व २०२५ सालीं हें प्रमाण २० टक्क्यांपर्यंत पोहोंचलें. इथेनॉलाचा ऑक्टेन अंक सुमारें १०८ आहे, म्हणजे पेट्रोलाहून पुष्कळ अधिक. परंतु एक लिटर इथेनॉल जाळून मिळणारी उष्णता एक लिटर पेट्रोलाच्या सुमारें दोन तृतीयांशच भरते. म्हणजे ज्याचा धीर अधिक, त्याचें बळ कमी! नीति आयोगानें २०२१ सालीं प्रसिद्ध केलेल्या आराखड्यांत, जुन्या पद्धतीच्या चारचाकी गाड्यांचा ॲव्हरेज अशा मिश्रणावर सुमारें ६ ते ७ टक्के घटेल असा अंदाज दिलेला आहे. ऑक्टेन वाढलें आणि ॲव्हरेज उतरला, या दोन गोष्टी एकाच वेळीं घडूं शकतात हें यावरून दिसतें. शिवाय, पूर्वीं ८८ व नंतर ९१ असलेला साध्या पेट्रोलाचा अंक या मिश्रणामुळें सुमारें ९५ वर गेला आहे, असें पेट्रोलियम मंत्रालयानें ऑगस्ट २०२५ मध्यें सांगितलें. तेव्हां केवळ ‘९५’ हा आंकडा पाहून अधिक दाम मोजणाऱ्यानें दोनदां विचार करावा.

मग उंची पेट्रोल निरुपयोगी आहे काय? तसेंही नाहीं. त्या धीराचा उपयोग करून घेणारें इंजिन असेल, तर त्याचें मोल मोठें. १९४० सालीं इंग्लंडवर जर्मन विमानांचे हल्ले होत असतां ब्रिटिशांच्या स्पिटफायर व हरिकेन विमानांत ८७ ऐवजीं १०० ऑक्टेनचें पेट्रोल वापरण्यांत आलें. त्यामुळें त्यांच्या मर्लिन इंजिनांत हवा अधिक दाबानें कोंबतां आली व विमानांस अधिक शक्ति मिळाली. शक्ति दिली ती वाढलेल्या दाबानें; पेट्रोलानें तो दाब सोसला. आजहि टर्बो बसविलेल्या कांहीं मोटारी व मोठ्या दाबाच्या शर्यती घाटाच्या फटफट्या यांना बांधणाऱ्यांनींच अधिक ऑक्टेन सांगितलेलें असतें. तेथें काटकसर करूं नये. डिसेंबर २०२० मध्यें इंडियन ऑइलनें १०० ऑक्टेनचें पेट्रोल दिल्ली, मुंबई, पुणें इत्यादि दहा शहरांत विक्रीस ठेविलें, तेंहि मुख्यतः अशाच भारी गाड्यांसाठीं. त्या वेळीं दिल्लींत साधें पेट्रोल सुमारें ८२ रुपये, तर हें सुमारें १६० रुपये लिटर होतें.

रोजच्या साध्या गाडीची गोष्ट निराळी. तिचा दाब बांधणाऱ्यानें साध्या पेट्रोलाचा अंक धरूनच ठरविलेला असतो. तीत ठोका मुळांतच नसल्यास, तो अधिक टाळण्यांत लाभ कसला? अमेरिकेंतील मोटारधारकांच्या एएए या संस्थेनें २०१६ सालीं साध्या पेट्रोलासाठीं बांधलेल्या गाड्यांत उंची पेट्रोल घालून शक्ति, इंधनाचा खप व धूर हीं तिन्ही तपासलीं; लक्षणीय फायदा आढळला नाहीं. त्या देशांत एका वर्षांत २१० कोटि डॉलर या कामीं व्यर्थ गेल्याचा तिचा हिशेब आहे. उलटपक्षीं, ज्या गाड्यांस उंची पेट्रोलाची शिफारस आहे परंतु सक्ति नाहीं, अशा गाड्या तिनें २०१७ सालीं तपासल्या. त्यांचा ॲव्हरेज सरासरी २.७ टक्के वाढला. लाभ आहे, पण तो किमतींतील फरकाहून लहान असूं शकतो.

आतां घरचा हिशेब करूं. एक गाडी महिन्यास ५०० किलोमीटर चालते व लिटरास २० किलोमीटर जाते असें धरूं. म्हणजे २५ लिटर पेट्रोल लागलें. उंची पेट्रोल लिटरमागें ८ रुपयांनीं महाग धरल्यास महिन्यास २०० व वर्षास २,४०० रुपये अधिक जातात. साधें १०५ व उंची ११३ रुपये धरल्यास, हा पैसा वसूल होण्यास गाडीनें २० ऐवजीं सुमारें २१॥ किलोमीटर गेलें पाहिजे. आमच्या विद्यार्थ्यांनीं हें स्वतः पडताळून पाहावें. टाकी फुल करून किलोमीटरचा आंकडा लिहावा. पुन्हां फुल करितांना किती लिटर बसलें व किती किलोमीटर झाले तें मांडावें. अशा तीन टाक्या साध्या पेट्रोलाच्या व तीन उंचीच्या, त्याच रस्त्यावर व त्याच वेगानें, चालवाव्या. त्रैराशिकाचा याहून उपयुक्त धडा दुसरा नाहीं.

कोणी म्हणतील, उंची पेट्रोलांत इंजिन स्वच्छ ठेवणारीं द्रव्यें असतात. तें खरें आहे. परंतु वेळेवर देखभाल होणाऱ्या गाडीस त्यांचा लाभ लहानच. दुसरा आक्षेप आमच्या वऱ्हाडच्या उन्हाळ्याचा. मे महिन्यांत पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, व तापलेल्या हवेनें ठोक्याची भीति वाढते हें शास्त्रास धरून आहे. चिखलदऱ्याचा घाट भरल्या गाडीनें चढतांना ती आणखी वाढते. मात्र वर सुमारें ११०० मीटर उंचीवर हवा विरळ झाल्यामुळें ती पुन्हां थोडी घटते. आजच्या अनेक मोटारींत ठोका ओळखून ठिणगीची वेळ आपोआप मागें घेणारें यंत्र असतें. तें नसलेल्या जुन्या गाडीनें घाटांत ठोकल्यास वेग व ओझें कमी करावें, खालचा गिअर घालावा. सपाट रस्त्यावरहि ठोका येऊं लागला, तर पेट्रोल बदलण्याआधीं मिस्त्रीकडून प्लग, ठिणगीची वेळ व आंत सांचलेली काजळी तपासून घ्यावी.

ठोक्याचें आणखी एक कारण म्हणजे भेसळ. रॉकेल मिसळल्यास पेट्रोलाचा ऑक्टेन अंक झपाट्यानें उतरतो. संशय आल्यास पंपावर फिल्टर पेपर मागावा. त्यावर टाकलेला पेट्रोलाचा थेंब डाग न ठेवतां उडून गेला पाहिजे. मापाविषयीं शंका असल्यास पांच लिटरच्या प्रमाणित मापानें मोजून दाखविण्यास सांगावें. हे दोन्ही ग्राहकाचे हक्क आहेत व ते मागण्यांत संकोच बाळगूं नये.

सारांश इतकाच कीं, गाडीबरोबर मिळालेलें पुस्तक उघडून त्यांत कोणता अंक सांगितला आहे तें पाहावें. पुष्कळ गाड्यांत तो टाकीच्या झांकणाच्या आंतहि लिहिलेला असतो. तितका अंक अवश्य द्यावा, त्याहून कमी देऊं नये, व त्याहून अधिकासाठीं पैसा मोजूं नये. चाकांत योग्य हवा, स्वच्छ एअर फिल्टर, वेळेवर बदललेलें ऑइल आणि बेताचा वेग यांनीं जो लाभ होतो, तो साध्या गाडीस उंची पेट्रोलानें होत नाहीं. वाचलेल्या दोन हजार चारशें रुपयांत एका विद्यार्थ्याच्या वह्यापुस्तकांचा बराचसा खर्च निघतो. पाटीवरील नांवास न भुलतां आंकडा विचारण्याची व हिशेब करण्याची संवय आमच्या विद्यार्थ्यांनीं लावून घ्यावी, आणि आपल्या घरच्या वडील माणसांस तो हिशेब प्रेमानें समजावून सांगावा.